अधिक माहितीसाठी संपर्क

नोकरी सोडली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, तत्त्वासाठी सोडली. ते खोटं होतं. ज्या पीआर एजन्सीत मी अकरा वर्षं राबले, तिथल्या साहेबांनी विभागप्रमुखाची खुर्ची मला कबूल केली होती आणि दिली स्वतःच्या भाच्याला. भाचा सव्वीस वर्षांचा. एका हॉस्पिटलच्या प्रेस नोटमध्ये त्याने 'वेळेवर निधन झाल्यास उपचार सोपे जातात' असं लिहिलं होतं. निदानाचं निधन झालेलं मी छापायला जाण्याआधी पकडलं म्हणून एजन्सीची अब्रू वाचली. त्याच भाच्याच्या हाताखाली मी बसायचं? मी राजीनामा लिहिला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि कपाटातला माझा कप घेऊन निघून आले.

घरी जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग माझं ऑफिस झाला. नवरा शाळेत गणित शिकवतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "चार जणांकडे काम मागितलंस की एक जण देतो. चाळीस जणांकडे माग." सासूबाईंना मात्र धंदाच कळेना.

"म्हणजे लोकांबद्दल चांगलं बोलायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे?"

"साधारण तसंच, आई."

"मग मी इतकी वर्षं तुझ्याबद्दल चारचौघांत फुकट कशाला बोलत आले?"

मी चाळीस जणांची यादी केली. अकरा वर्षांत ज्यांच्या उद्घाटनांना गर्दी जमवली, ज्यांच्या भाषणांतल्या चुका रात्रीत दुरुस्त केल्या, ज्यांच्या मुलाखती सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर आणल्या, असे चाळीस. पहिल्या आठवड्यात सतरा फोन केले. सगळे गोड बोलले. सगळे म्हणाले, "कळवतो." आणि त्यांतले काही जण फोन ठेवता ठेवता म्हणाले, "तब्येतीची काळजी घ्या हं."

माझ्या तब्येतीला काय धाड भरली होती? तीन जणांनी तेच म्हटल्यावर मला शंका आली. चौथी होती एका नाट्यगृहाची व्यवस्थापक. तिला मी सरळ विचारलं. ती चाचरली. मग म्हणाली, "तुमचे साहेब म्हणत होते, बिचारीला ताण झेपेनासा झाला. जरा विश्रांतीला पाठवलंय म्हणाले."

मला विश्रांतीला पाठवलंय! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ही युक्ती मला नवी नव्हती. कुणाला बदनाम करायचं असेल तर त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही, त्याची काळजी करायची, हे साहेबांनीच मला शिकवलं होतं. मी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला.

"अगं, बोल, बोल. कशी आहेस? झोप लागते ना नीट?"

"सर, माझ्या झोपेच्या चौकशा गावभर करू नका."

"बघ, किती चटकन चिडतेस. हेच तर म्हणतोय मी."

मी फोन ठेवला. मी चिडले होते, आणि नेमकं तेच त्यांना हवं होतं म्हणून मला आणखी राग आला.

पहिलं काम दिलं ते यादीबाहेरच्या माणसाने. आमच्या रस्त्यावरच्या चष्मेवाल्याने. शहरात त्याची तीन दुकानं, चौथं उघडायचं होतं. "फीत कापतानाचा फोटो छापून आणा" म्हणाला. मी म्हटलं, फितीचा फोटो तुमच्या बायकोशिवाय कुणी बघणार नाही. त्याऐवजी बस डेपोत जाऊ आणि ड्रायव्हर लोकांचे डोळे तपासू. गेलो. एकशेबारा ड्रायव्हर तपासले, त्यांतल्या एकोणीस जणांना लांबचं धड दिसत नव्हतं आणि ते रोज शहरभर बस हाकत होते. तीन पेपरांनी बातमी लावली. चष्मेवाला इतका खूश झाला की त्याने मला जबरदस्तीने नवी फ्रेम दिली आणि वर्षभराचं काम दिलं.

त्या बातमीनंतर माझा फोन वाजायला लागला. एका सोमवारी एका मोठ्या बांधकाम कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. ही कंपनी साहेबांची सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एजन्सीत तिचं काम मीच बघायचे. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, त्या पोराने नुसता घोळ घालून ठेवलाय. आम्हाला तुम्हीच हव्या. गुरुवारी या, वर्षभराचं बोलू." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना धरून एक गिरकी घेतली. साहेबांच्या तोंडचा घास मी काढून घेणार होते. त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मंगळवारी आणखी एक फोन आला. अनोळखी नंबर.

"त्या प्रेस नोटच्या खाली लिहिलं होतं, अधिक माहितीसाठी संपर्क, आणि पुढे तुमचं नाव आणि नंबर. मला अधिक माहिती पाहिजे."

"कुठली प्रेस नोट?"

"लिफ्टची. जिच्यात माझा निष्काळजीपणा होता."

मी खुर्चीवर बसले.

झालं होतं ते असं. पाच महिन्यांपूर्वी, मी नोकरीत असताना, याच बांधकाम कंपनीच्या एका सातमजली इमारतीतली लिफ्ट दोन मजले घसरून आपटली होती. आत एक बाई होत्या, निवृत्त शिवणशिक्षिका. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. त्याच संध्याकाळी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, लिही: देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हा दुर्दैवी प्रकार घडला असून संबंधिताला तत्काळ कामावरून कमी करण्यात आले आहे. मी विचारलं, "हे नक्की आहे का?" ते म्हणाले, "नक्की करायचं असतं म्हणून तर निवेदन काढतात." मी लिहिलं. चांगलं लिहिलं. एकाही पेपराने पुढचा प्रश्न विचारला नाही, इतकं चांगलं.

तो माणूस बुधवारी सकाळी घरी आला. पन्नाशीचा, ठेंगणा, हाताच्या रेघांत ग्रीस कायमचं मुरलेलं. कामावर सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. त्याने चहा घेतला नाही. पिशवीतून एक वही काढली. तक्रारीची मूळ पानं फाडून दिलेली आणि खाली कार्बनची निळी प्रत राहिलेली, अशी वही.

"हे जानेवारीचं. ब्रेकचे पट्टे झिजले आहेत, बदलावेत. हा कंपनीचा शिक्का. हे मार्चचं. लिफ्ट बंद ठेवावी, धोका आहे. शिक्का. हे एप्रिलचं. अपघाताच्या नऊ दिवस आधीचं."

तिन्ही पानांवर 'मिळाले' असा गोल शिक्का आणि सही होती.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. का चढला, ते मला तेव्हा कळलं नाही.

"कुणाशी बोलू? पेपरात नंबर तुमचा होता. मी फोन केला. तुम्ही म्हणालात, मीटिंगमध्ये आहे, मेल करा. मी मुलीकडून मेल करून घेतला. या तिन्ही पानांचे फोटो लावून."

तो मेल मला आठवला. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'लिफ्टचं खरं'. सोबत तीन फोटो होते. मी साहेबांना विचारलं होतं, याचं काय करायचं? साहेब म्हणाले होते, "उघडूच नकोस. उघडलंस तर आपल्याला माहीत होतं असं होईल." आणि मी उघडला नाही. अकरा वर्षांच्या अनुभवाची मी, निधन आणि निदानातली चूक पकडणारी, तीन फोटो उघडू शकले नाही.

"मला कुणी कामावर ठेवत नाही," मिस्त्री म्हणाला. "ज्या लिफ्ट कंपनीत जातो, तिथे म्हणतात, तूच ना तो? बायको म्हणते जाऊ दे. का जाऊ दे? मी तीनदा लिहून दिलं. तुम्ही लिहिलंत ते. आता तुम्हीच पुसा."

पुसता येत नाही, असं मी त्याला सांगितलं नाही. वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले, वही त्याला परत दिली आणि सांगितलं, ही कुणाच्याही हातात देऊ नका. माझ्यासुद्धा.

गुरुवारी मी मॅनेजरांकडे गेले. जाऊच नकोस, असं नवरा म्हणाला होता. पण मला ऐकायचं होतं. नवव्या मजल्यावरची काचेची खोली, मधोमध लांबलचक टेबल, आणि एवढ्या मोठ्या टेबलाशी आम्ही दोघंच. मॅनेजर लगेच मुद्द्यावर आले.

"तो मिस्त्री पेपरवाल्यांकडे जाणार अशी कुणकुण आहे. त्याआधी त्याच्याबद्दल काहीतरी बाहेर यायला हवं. पिण्याबिण्याबद्दल."

"तो पितो?"

मॅनेजर हसले. "तुम्ही लिहिलंत तर पितो."

मला वाटलं, हा माणूस माझा अपमान करतोय. मग लक्षात आलं, तो माझी स्तुती करत होता. अकरा वर्षांत मी जे कमावलं होतं, ते हेच. माझ्या लिहिण्याने एखादा माणूस पिऊ शकत होता.

मी उठले. "हे काम मी घेणार नाही. मिस्त्रीचं घेणार आहे. तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी तोंडावर सांगतेय. या खोलीत तुम्ही जे बोललात ते बाहेर बोलणार नाही, कारण मी इथे धंद्याच्या बोलण्यासाठी आले होते. पण तो पितो असं कुठेही एक अक्षर छापून आलं, तर ते कुठून आलं हे मला माहीत असेल."

"मॅडम, शांत व्हा. तुमचे साहेब सांगत होते, तुम्हाला ताण..."

"हो, झेपत नाही! तुमच्यासारख्यांचा झेपत नाही!"

दार काचेचं होतं, आपटताही येईना. ते हळूहळू आपोआप मिटलं.

शुक्रवारी मी मुंगीला फोन केला. मुंगी म्हणजे एका दैनिकाच्या शहर पानाची संपादक. एकदा चावली की सोडत नाही, म्हणून आम्ही पीआरवाले तिला मुंगी म्हणायचो. तिच्या ऑफिसखालच्या टपरीवर भेटलो. मी तिन्ही पानं दाखवली. तिने दोनदा वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला टपरीमागे लपावंसं वाटलं.

"पाच महिन्यांपूर्वी तू मला फोनवर काय म्हणालीस? 'अगं, साधी चूक आहे एका माणसाची, उगाच ताणू नकोस.' मी ताणलं नाही. तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून."

"माहीत आहे."

"तुला माहीत असून माझं काय भलं होणार? मी माझ्या पानावर एका माणसाला मारलं. तुझ्या शब्दावर." ती आता ओरडत होती, टपरीवरची माणसं बघत होती. "मी बातमी करीन. पण तुझं नाव टाकीन. तुला मेल आला होता, आणि तू तो उघडला नाहीस, हेही टाकीन. चालेल?"

नव्या धंद्याला जेमतेम चार महिने झालेली बाई याला 'चालेल' कसं म्हणणार? मुंगीने ग्लास खाली ठेवला आणि चालायला लागली.

"टाक," मी मागून म्हटलं. "पण बातमीत आधी तो येईल. माझं काय ते शेवटी."

मग तीन दिवस मिस्त्री आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला. कॅमेऱ्यापुढे कसं बोलायचं, हे मी मोठमोठ्या लोकांना शिकवलंय. त्यांना शिकवताना मुख्य काम असतं काय बोलायचं नाही हे सांगण्याचं. मिस्त्रीला फक्त सावकाश बोलायला शिकवायचं होतं. तो रागाने भडाभडा बोलायचा आणि तारखा एकमेकींत मिसळायच्या. सासूबाई समोर भाजी निवडत बसायच्या. त्याने घाई केली की म्हणायच्या, "हं, परत. मार्च कुठे गेला?"

मुंगीने शहर अभियंत्याकडे चौकशी केली, शिक्क्याखालची सही कुणाची ते शोधलं, कंपनीला उत्तर मागितलं. कंपनीचं उत्तर भाच्याने लिहिलं होतं: 'प्रकरण जुने असल्याने भाष्य करणे उचित नाही.' बुधवारी पहिल्या पानावर बातमी आली. तीन निळी पानं, शिक्क्यांसकट. शेवटच्या परिच्छेदात मी होते, नावानिशी. "मला पुरावा मिळाला होता. मी तो उघडून पाहिला नाही," असं म्हणणारी.

नऊच्या आत साहेबांचा फोन आला. या वेळी आवाजात मध नव्हता.

"घरचा भेदी! मी तुला बोटाला धरून शिकवलं. कोर्टात खेचीन तुला."

"खेचा. मेल तुमच्याच सर्व्हरवर आहे, सर. कोर्ट उघडेल तो."

त्यांनी फोन ठेवला.

दुपारी चष्मेवाला स्वतः घरी आला. ओशाळून उभाच राहिला. "असं बघा, माझा तुमच्यावर राग नाही. पण ज्या नव्या दुकानाचा गाळा घेतलाय, तो त्याच कंपनीचा आहे." म्हणजे ते कामही गेलं. मी त्याची फ्रेम काढून पुढे केली. तो घाबरून म्हणाला, "अहो, ती राहू द्या! नंबरची आहे!" आणि पळाला. नवऱ्याला हसू आवरेना. मी मात्र तशीच धुमसत बसले. कुणावर ते कळत नव्हतं. साहेबांवर, मॅनेजरवर, चष्मेवाल्याच्या लेच्यापेच्या सभ्यपणावर, आणि या सगळ्यांहून जास्त त्या एका न उघडलेल्या मेलवर.

आठवड्याने कंपनीचा खुलासा आला. सातव्या पानावर, चार ओळी. 'सदर कर्मचाऱ्याने वेळोवेळी तक्रारी केल्या होत्या असे आढळून आले आहे.' कोणी झोपा काढल्या, ते काही आढळलं नव्हतं. तरी त्या चार ओळी घेऊन मिस्त्री दोन लिफ्ट कंपन्यांत गेला आणि दुसरीने त्याला ठेवून घेतलं. त्याने फोन करून सांगितलं. मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, "तुमचे आभार मानायला फोन नाही केला. कळवायला केला." आणि ठेवला. मला ते लागलं. पण तो चुकीचं काय बोलला होता?

खुलाशाचं कात्रण घेऊन मी त्या शिवणशिक्षिकेकडे गेले. त्यांची माफी मागायची होती. इमारतीत शिरले तर लिफ्टच्या दाराला साखळी आणि कुलूप. चार जिने चढून वर गेले. बाई वॉकर धरून दारात आल्या. सत्तरीच्या, केस घट्ट बांधलेले, गळ्यात अजून मोजायची टेप. मी कोण ते सांगितलं, कात्रण पुढे केलं.

त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"छान. मिस्त्रीचं भलं झालं. पेपरात तुमचं नाव आलं, कंपनीचं आलं, त्याचं आलं. लिफ्ट कधी सुरू होतेय?"

मी परत आलेलं कात्रण पिशवीत टाकलं.

"सहा महिने झाले. हॉस्पिटलातून आले तेव्हा चार माणसांनी खुर्चीत बसवून वर आणलं. तेव्हापासून मी खाली उतरलेले नाही. तुम्ही निवेदनं काढा, खुलासे काढा, हवं तेवढं भांडा. तुमच्यातल्या एकाने तरी विचारलं का, ही बाई खाली कशी जाते?"

नव्हतं विचारलं. मी नाही, मुंगीने नाही, मिस्त्रीनेही नाही. आम्ही सगळे दोष कुणाचा हेच शोधत बसलो होतो. आणि ही बाई चौथ्या मजल्यावर कोंडून पडली होती, शेजाऱ्यांकडून भाजी मागवत.

माझ्या रागाला पहिल्यांदाच करण्यासारखं काम सापडलं. तिथेच त्यांच्या शिलाई मशीनच्या टेबलाशी बसून मी मॅनेजरला फोन लावला, स्पीकरवर.

"मी चौथ्या मजल्यावरून बोलतेय. लिफ्टला सहा महिने कुलूप आहे. कोणत्या तारखेला सुरू करताय?"

"मॅडम, त्याची एक प्रक्रिया असते..."

"तारीख सांगा."

"असं फोनवर..."

बाई वॉकर सरकवत पुढे आल्या आणि फोनवर वाकल्या. "तारीख सांगत नसाल तर मी त्या पेपरवाल्या मुलीला वर चहाला बोलावते. जिने चढूनच येईल ती. फोटोवालाही चढेल."

मग मॅनेजर म्हणाले, "पंधरा दिवस."

"दहा," बाई म्हणाल्या. शाळेत मुलींना शिवणाची मुदत देत असतील, अगदी तशा.

बारा दिवस लागले. मी रोज सकाळी नऊला मॅनेजरला फोन केला. चौथ्या दिवसापासून त्यांनी माझा नंबर उचलणं बंद केलं, तर सासूबाईंच्या फोनवरून केला. नवे ब्रेक आले, तपासनीस आला, त्याने कागदावर सही केली. पण बाई तेवढ्यावर आत पाऊल टाकायला तयार नव्हत्या. "सह्या मागच्या वेळीही होत्या," त्या म्हणाल्या. मग रहिवाशांनी मिळून मिस्त्रीला बोलावलं. रविवारी सकाळी तो आला, छतावर गेला, दीड तास मशीनच्या खोलीत होता. खाली आल्यावर एकटाच लिफ्टमध्ये शिरला आणि सात मजले पाच वेळा वर-खाली केले. आम्ही जिन्यात उभे राहून आकडे बदलताना बघत होतो.

शेवटी चौथ्या मजल्यावर दार उघडलं. मिस्त्री बाहेर आला नाही, आतच कडेला सरकून उभा राहिला.

"या बाई. मी आहे बरोबर."

बाईंनी वॉकर आत टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जिन्याने या. वजन कमी असलेलं बरं." मी चिडून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात दार मिटलं. मी चार जिने धावत उतरले. तळाशी पोचले तेव्हा बाई लिफ्टमधून बाहेर पडून उन्हात उभ्या होत्या आणि समोरच्या शिंप्याने पाटी वाकडी लावलीय म्हणून त्याला रस्त्याच्या अलीकडूनच ओरडून सांगत होत्या.